चेंबर कोणाचं? नागपुरात बादलीभर पाण्याच्या मागे चालताना

जुलैत एकदा आमच्या गल्लीतलं चेंबर उलटलं. झाकण जागेवरच होतं, पण कडेनं काळं पाणी वर येत होतं आणि समोरच्या काकूंच्या तुळशीवृंदावनापर्यंत पोचलं होतं. काकूंनी आधी विटा मांडल्या, विटांवर पाट टाकला, तरी जमेना तेव्हा माझ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "तू लेआऊटची सेक्रेटरी ना? मग पाय ना काही. घरात वास येऊन राहिला."

मी गाडी काढली. पहिल्या कार्यालयात म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यात म्हणाले, यायचं, आता येत नाही. तिसऱ्यात एका बाबूनं भला मोठा नकाशा टेबलावर पसरला, बोट फिरवत आमच्या गल्लीपर्यंत आला आणि म्हणाला, "ताई, तुमची लाईनच यात नाही जी." चेंबर तिकडे वाहतच होतं.

तेव्हा चिडले होते. लेआऊटचं, म्हणजे आमच्या प्लॉटच्या वस्तीचं, काम करता करता हळूहळू कळलं की तिघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. शहराचं पाणी, सांडपाणी, कचरा, झाडं, हवा ही कामं वेगवेगळ्या कायद्यांनी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या संस्थांच्या गळ्यात पडली आहेत. एकाची हद्द जिथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, नेमकं तिथलं चेंबर उलटतं. या हद्दी समजून घ्यायच्या तर कार्यालयांची यादी पाठ करण्यापेक्षा बादलीभर पाण्याच्या मागे चालत जाणं सोपं. निघण्याआधी वाटेत कोण कोण भेटणार, तेवढं सांगते.

सगळ्यात मोठं घर महानगरपालिकेचं, म्हणजे मनपाचं. नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. तिची महानगरपालिका झाली १९५१ साली. आज तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतो. त्यातली दोन कलमं नागरिकानं लक्षात ठेवावीत, ६३ आणि ६६. पालिकेला जी कामं करावीच लागतात ती कलम ६३ मध्ये आहेत: पाणी, गडर (म्हणजे सांडपाण्याची लाईन), झाडलोट, रस्ते, दिवे, आग विझवणं, स्मशानघाट, जन्म-मृत्यूची नोंद, प्राथमिक शाळा. बागा, वाचनालयं वगैरे कलम ६६ मध्ये, म्हणजे जमेल तशी. घरात वरण-भात रोज शिजतो आणि पुरणपोळी सणाला, तसं. त्यामुळे 'बागेत बाकं नाहीत' आणि 'नळाला गढूळ पाणी येतंय' या दोन तक्रारींचं वजन कायद्याच्या तराजूत सारखं नाही. अर्जात कलम ६३ लिहिलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, हा माझा अनुभव.

पालिकेत निर्णय दोन जागी होतात. एक निवडून आलेलं सभागृह, १५१ नगरसेवकांचं. त्यातलीच सोळा जणांची स्थायी समिती खर्चाच्या प्रस्तावांना मंजुरी देते. दुसरे आयुक्त. ते राज्य सरकारनं नेमलेले अधिकारी, आणि प्रत्यक्ष काम करून घ्यायचा अधिकार त्यांचा. महापौरांना मान पहिला, पण फायलीवरची सही आयुक्तांची. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता, प्रशासक. त्या काळात आमच्या गल्लीतली तक्रार कोणाच्या घरी सकाळी चहाला जाऊन सांगायची सोयच राहिली नव्हती.

मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. आपलं दार झोनचं. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात जाऊन बहुतेक वेळा परत झोनलाच यावं लागतं.

दुसरं घर नागपूर सुधार प्रन्यास, बोलीत नासुप्र. हे १९३६ च्या कायद्यानं जन्माला आलं. काम असं की जमीन घ्यायची, आखायची, रस्ते-गडर-वीज टाकायची, भूखंड विकायचे आणि तयार वस्ती पालिकेच्या हवाली करायची. बेत चांगला होता. पण शहर त्याच्या आधीच धावत सुटलं. शेतकऱ्याची जमीन सोसायटीनं घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या, प्लॉट विकले; मंजुरी, रस्ता, गडर यांचा पत्ता नाही. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे आकडे उच्चारले की जुन्या माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. अशा अनधिकृत लेआऊटच्या त्या दोन याद्या. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्याखाली ते पैसे भरून नियमित होत गेले. नियमित झालं की कागद लगेच मिळतो, गडर लाईन मागून येते, कधी दहा वर्षांनी. तोवर लोक आपापसात वर्गणी काढून पाइप टाकतात आणि दिसेल त्या नाल्यात सोडतात. असा पाइप कोणाच्याच नकाशात नसतो. बाबूचं बोट आमच्या गल्लीत का अडलं, ते इथे उलगडतं.

शहराच्या हद्दीबाहेरच्या भागासाठी २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. हवा आणि पाणी कारखान्यांनी किती घाण करायचं यावर नजर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. धरणं जलसंपदा विभागाची. पूर आला की जिल्हाधिकारी. आता चला.

बादलीतलं पाणी पेंचचं. तोतलाडोहला साठलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात येतं, तिथून कालव्यानं महादुल्याकडे आणि पंपांनी उचलून गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्रांत. दुसरा मोठा आधार कन्हान नदीचा. एकेकाळी हे शहर अंबाझरीचं पाणी प्यायचं. १८७० साली तो तलाव त्यासाठीच बांधला. आज तिथे कोणी ओंजळही भरणार नाही.

म्हणजे बादली भरायच्या आधीच पहिली हद्द लागते. धरणातलं पाणी पालिकेचं नाही. ते शेतीलाही लागतं आणि विजेलाही. शहराला किती राखून ठेवायचं ते वर ठरतं. आणि त्याच्याही वर मध्य प्रदेश आहे. पेंच तिकडून येते, आणि छिंदवाडा जिल्ह्यात चौराईला धरण झाल्यावर इकडे येणारी आवक घटली. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं आणि चोवीस तास पाण्याच्या गप्पा मारणाऱ्या नागपुरात एक दिवसाआड नळ आला. त्या वेळी लोक मनपावर चिडले. मनपाच्या हातात तेव्हा नळ बंद करण्यापलीकडे फार काही नव्हतं.

चोवीस तास पाणी ही कल्पना थाटाची वाटते, पण तिच्या मागचं कारण आरोग्याचं आहे. नळ दिवसातून दोन तास येतो, तेव्हा उरलेले बावीस तास पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपला तडा असेल तर आजूबाजूची ओल आत शिरते, आणि आजूबाजूला गडर असेल तर गडरची. त्यातून कोणी टुल्लू पंप लावला की तो पाइप ओढून ओढून ही घाण शेजाऱ्याच्या नळापर्यंत आणतो. पाइप सतत दाबाखाली भरलेला राहिला तर पाणी तड्यातून बाहेर जाईल, आत येणार नाही. नागपूरनं हा प्रयोग आधी धरमपेठेत करून पाहिला आणि २०१२ पासून सगळ्या शहराचं वितरण पंचवीस वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे दिलं. पाइप, टाक्या, पाणी पालिकेच्या मालकीचं. चालवणं, दुरुस्ती, मीटर, बिल कंपनीचं. दर टप्प्यांनी चढतो: कमी वापरलं तर युनिट स्वस्त, जास्त वापरलं तर महाग. ही योजना फळली की फसली यावर नागपुरात पानठेल्यावर तासभर वाद होऊ शकतो. मी एवढंच सांगते की शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं सगळं पाणी बिलात उतरत नाही. काही गळतं, काही चोरीला जातं, काही मीटरशिवाय वाहतं. हा फरक कमी झाला का, हेच अशा योजनेला विचारायचं. नव्या टाक्यांची उद्घाटनं किती झाली ते नाही.

शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं, असं सरकारी माप आहे. यातलं पिण्यात-शिजवण्यात किती जातं? फार तर दोन हंडे. आंघोळ, कपडे, भांडी, संडास यांतून साधारण ऐंशी टक्के पाणी परत घराबाहेर पडतं. इथून पुढचा प्रवास कोणाला दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

गडर लाईन उतारावर चालते. तिला सहसा पंप नसतो, ढाळ असतो. घरातून गल्लीच्या चेंबरमध्ये, गल्लीतून रस्त्याच्या मोठ्या पाइपात, तिथून ट्रंक लाईनला, म्हणजे शहराच्या मुख्य गडरला. नागपूरचा उतार ढोबळमानानं पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्यामुळे धरमपेठेत धुतलेल्या कढईचं पाणी शेवटी भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे निघतं. कढईचं म्हटलं ते मुद्दाम. आपल्या तर्रीवरचं तेल गरम असतं तेव्हा वाहतं, पाइपात थंड झालं की कडेला थिजतं. त्यावर केस, चिंध्या, मांजा अडकतो आणि पाइप आतून बारीक होत जातो. वरून पाहिलं तर सगळं ठीक.

पावसाच्या पाण्याची नाली वेगळी आणि गडर वेगळी, असा नियम आहे. गडरचा पाइप घरातल्या सांडपाण्याच्या हिशेबानं घेतलेला असतो. त्यात गच्चीचं पाणी सोडलं की हिशेब मोडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एका घराचा सात-आठ दिवसांचा वापर एका तासात पाइपात. गल्लीत अशी वीस घरं धरा. चेंबर मे महिन्यात उलटत नाही, जुलैत उलटतं, ते यामुळे.

आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय चेंबरात माणूस उतरवणं कायद्यानं बंद आहे. २०१३ चा कायदा आहे तसा. तुमच्यासमोर कोणी कोणाला तसं उतरवत असेल तर थांबवायचं. आत साचलेल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत जातो.

सगळं सांडपाणी ट्रंक लाईनला लागलं असतं तर नाग नदी आज नदी असती. ही नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीत येते आणि तिथून शहराच्या पोटातून सतराएक किलोमीटर जाते. शहराला नाव तिचं. पण जिथे गडर नाही, किंवा आहे आणि फुटकी आहे, तिथलं पाणी नाल्यात उतरतं आणि नाला नदीत. पिवळी नदीचंही तेच. दर उन्हाळ्यात पोकलेन उतरतात, गाळ निघतो, फोटो येतात. गाळ काढणं पुरासाठी गरजेचंच आहे. पण वरून घाण येणं थांबल्याशिवाय नदी स्वच्छ होत नाही, मोरीचं तोंड उघडं ठेवून अंगण कितीही धुवा. त्यासाठी सुमारे १,९२७ कोटींचा नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्प मंजूर आहे, त्यात जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे, आणि भार केंद्र, राज्य व मनपा अशा तिघांवर. त्यातला मोठा भाग दिसणारच नाही असा आहे: जमिनीखालच्या लाईनी, पंपिंग स्टेशनं, शुद्धीकरण केंद्रं. नदीकाठच्या बागेचं चित्र पाहून या प्रकल्पाची परीक्षा करू नका.

भांडेवाडीला जे पाणी पोचतं त्याचं पुढे काय होतं ते मात्र मला मनापासून आवडतं. तिथे सांडपाण्यात हवा सोडतात. हवेवर जगणारे सूक्ष्मजीव घाण खातात, वाढतात, त्यांचा गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. त्या गाळातला थोडा मागे ठेवून नव्या सांडपाण्यात मिसळतात, अगदी कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं तसं. जगातल्या बहुतेक शहरांत हे नितळ पाणी नदीत सोडून देतात. नागपूरनं २००८ मध्ये महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी करार केला आणि हे पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला द्यायचं ठरवलं. आधी दिवसाला १३० दशलक्ष लिटरचं केंद्र झालं, पुढे २०० दशलक्ष लिटरचं. कोराडीच्या त्या धुरकट आकाशाखाली मोठे मनोरे आहेत ना, वरून वाफ निघणारे, त्यांना थंड करायला अफाट पाणी लागतं. पूर्वी ते पेंचचं पिण्याजोगं पाणी असायचं. आता त्यातला मोठा वाटा आपल्या मोरीतून जातो, आणि त्याचे पैसे पालिकेला मिळतात. घरातला दिवा लावताना मला कधीकधी कढई आठवते.

हे सगळं असूनही बरंच सांडपाणी सुटतं. नाग आणि पिवळी शहराच्या पुढे एक होऊन कन्हानला मिळतात, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. भंडारा जिल्ह्यातल्या काठावरच्या गावांना नागपूरची मोरी तिथे भेटते. त्या गावांचा आपल्या मनपाला मत द्यायचा अधिकार नाही. ही हद्द सगळ्यांत वाईट.

हद्दीचं पाणी उलट बाजूनंही येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरीत वाडीच्या बाजूनं पाणी आलं, तलाव भरून ओसंडला, आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डी, मोरभवनपर्यंत पाणी शिरलं. सैन्य बोलवावं लागलं, माणसं गेली. पाऊस जास्त होता हे खरं. पण ज्या टेकड्यांवरून पाणी आलं त्यांतला मोठा भाग मनपाच्या हद्दीबाहेर, तलाव मनपाचा, सांडव्यापुढे नदी अरुंद करणारी बांधकामं, स्लॅब, पूल यांच्या परवानग्या आणखी कोणाच्या. नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली आणि एरवी वेगवेगळ्या इमारतींत बसणारे विभाग एका समोरासमोरच्या टेबलावर आले. आपल्याकडे अनेकदा न्यायालय हेच सगळ्या हद्दींना शिवणारं एकमेव कार्यालय ठरतं, आणि हे काही कौतुकानं सांगत नाही.

भांडेवाडीला आलोच आहोत तर कचऱ्याचं बोलून घेऊ, कारण शहराचा कचराही तिथेच जातो. दिवसाला हजार टनांहून जास्त. २०१९ च्या नोव्हेंबरपासून गोळा करायचं काम दोन खासगी कंपन्यांकडे आहे, पाच-पाच झोन वाटून. रस्ते झाडायचं काम मात्र पालिकेच्या सफाई कामगारांचं. 'ऐवजदार' हा शब्द नागपूरबाहेर कळत नाही. कायम माणसाच्या ऐवजी कामावर येणारा तो ऐवजदार. असे लोक वीस-वीस वर्षं 'ऐवजी' झाडत राहिले. मग त्यांच्यातल्या हजारोंना कायम केलं गेलं.

ओला-सुका वेगळा करा, हे गाडीच्या भोंग्यावर इतक्यांदा ऐकलंय की ते गाणं झालंय. तरी कारण सांगते. भाजीचे देठ आणि प्लास्टिक एकत्र ढिगात गेलं की आतला ओला कचरा हवेशिवाय कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. तो जळतो. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या ढिगाला आग लागते आणि विझता विझत नाही, त्यात या वायूचा हात असतो. धूर खातात भांडेवाडी, पारडी, वाठोड्याची माणसं. त्यांच्या घराचा कचरा त्या ढिगात किती असेल? मुठीएवढा. जुना ढीग चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळं करायचं काम तिथे चालतं. पण रोज नवं मिसळलेलं येत राहिलं तर चाळणी हातची सुटत नाही.

झाडांना स्वतःचा कायदा आहे, १९७५ चा. शहरात आपल्याच आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, आणि झाड तोडलं तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, असं ठरलं. अजनीला रेल्वेच्या जागेवरची झाडं प्रकल्पात जाणार म्हणून नागपूरकर रस्त्यावर आले होते. मला त्याहून जास्त टोचतात ती सिमेंट रस्त्याच्या कडेची झाडं. बुंध्यापर्यंत गट्टू आणि काँक्रीट. तोडायला परवानगी लागते, गळा आवळायला लागत नाही.

हवेचं आटोपतं घेते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या धुरांच्या चिमण्या प्रदूषण मंडळाच्या अखत्यारीत येतात. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली, तेव्हाही नियामक मंडळच. रस्त्याची धूळ, बांधकाम, जळता कचरा मात्र मनपाचा. उन्हासाठी मनपाचा उष्माघात कृती आराखडा आहे. दुपारी बागा उघड्या ठेवणं, काही सिग्नल बंद करणं त्यातलंच. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित यंत्रानं नागपुरात ५६ अंश दाखवले आणि देशभर बोभाटा झाला. यंत्र बिघडलं होतं. आम्हाला ४६-४७ पुरतात.

या सगळ्याला पैसा कुठून येतो? एकेकाळी नाक्यांवरच्या जकातीतून यायचा, रोजच्या रोज, आपल्या हातात. नागपुरात २०१३ च्या एप्रिलमध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरचा तोही गेला. २०१७ पासून जीएसटी. आता राज्याकडून दर महिन्याला भरपाईचं अनुदान येतं. म्हणजे कमावत्या माणसाचा पगार बंद होऊन थोरल्या भावानं महिन्याला खर्चाला द्यावं, तशी गत. स्वतःची म्हणावी अशी कमाई उरली ती मालमत्ता कर, पाण्याचं बिल, नकाशा मंजुरीचं शुल्क. घरटॅक्स थकवणाऱ्याला मी म्हणूनच फार ऐकून घेत नाही. तो थकला की आधी गडरची दुरुस्ती थांबते, उड्डाणपूल थांबत नाही. पुलाला वरून पैसा येतो.

एक गोष्ट या शहराच्या बाजूनं सांगायलाच हवी. मनपाच्या घाटावर अंत्यसंस्काराला लाकूड फुकट मिळतं. अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई घाट, कुठेही. ज्या घरात त्या दिवशी कोणाला काही सुचत नसतं, त्या घराला लाकडाचा भाव विचारावा लागत नाही.

आता कामाचं. तक्रार करायच्या आधी तीन गोष्टी शोधा: आपलं लेआऊट कोणी मंजूर केलं, ते मनपाला हस्तांतरित झालं का, आणि आपली लाईन पुढे कुठे मिळते. पहिल्या दोन गोष्टी लेआऊटच्या कागदांत किंवा माहिती अधिकारात मिळतात. तक्रार झोनला लेखी द्या, पोच घ्या, फोटोवर तारीख येऊ द्या. आणि दरवर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो, कलम ६७ अ खाली. पाणी, हवा, कचरा, झाडं, सगळं त्यात असतं. तो मागा आणि वाचा. जाडजूड असतो, पण आपल्या भागाचं पान सापडलं की दहा निवेदनांचं काम करतं.

तिसरी गोष्ट, लाईन कुठे मिळते, ती आम्हाला कागदात सापडली नाही. ती एका म्हाताऱ्या जमादारांना ठाऊक होती. चौथ्या दिवशी ते सायकलवर आले. कोणत्या कार्यालयाचे ते मी विचारलंच नाही. त्यांनी वाहणाऱ्या चेंबरकडे पाहिलंही नाही. ते सरळ खालच्या बाजूला चालत गेले आणि एकेक झाकण पहारीनं उचलत गेले. पहिलं भरलेलं, दुसरं भरलेलं, तिसरं कोरडं. "हे पाहा, अटकाव या दोघांच्या मधात." दुसऱ्या चेंबरमधून त्यांनी बांबूची लांब पट्टी वाकवून आत सारली, अर्धा तास ढोसली. आधी साबणासारखे पांढरे चरबीचे खडे आले, मग गोधडीचा तुकडा, त्याला गुंडाळलेला नायलॉन मांजाचा गुंता. मग गडगड आवाज झाला आणि काकूंच्या तुळशीजवळचं पाणी आपोआप खाली उतरलं.

जमादार हात धुता धुता वर पाहत होते. काकूंच्या गच्चीचा चार इंची पाइप भिंतीवरून खाली येऊन थेट चेंबरात गेलेला. "हा काहून टाकला गडरमधी?" काकू गप्प. मग जमादारांनी मान वळवली. माझ्या भिंतीवरही तसाच पाइप, त्याच चेंबरात.

रविवारी मी प्लंबर बोलावला. तो शिडी घेऊन काकूंच्या भिंतीकडे निघाला, तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, "तिकडं नाही रे, आधी सेक्रेटरीचा काप."